तीन कोरियन मालिका आणि एक केटी

गेले चार वीकांत मी जवळपास घराबाहेर पडलेलोच नाही. बाहेर पाऊस, हिंजवडीच्या रस्त्यावर नेहमीचं ट्रॅफिक, आणि घरात कोरियन मालिका! सोमवारी ऑफिसात कोणी "काय केलंस मग वीकेंडला?" असं विचारलं की मी "काही नाही रे, आराम" असं सांगून टाकतो. खरं सांगायची लाज वाटते. कारण याच तोंडाने मी आईच्या मालिकांना वर्षानुवर्षं नावं ठेवलेली आहेत.

परवा रात्री दोन वाजता रूमी पाणी प्यायला उठला आणि त्याने मला लॅपटॉपसमोर डोळे पुसताना रंगेहाथ पकडलं. त्यावर त्याचा शेरा: "काकूंना फोन लावू का?"

असो. तर मंडळी, या चार वीकांतांत मी तीन मालिका संपवल्या. तिन्ही 'टीव्हीएन' नावाच्या कोरियन वाहिनीवरच्या, आणि तिन्ही तशा जुन्याच. माझ्यापर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली, हा माझा दोष. कोरियन मालिकांचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्या संपतात! सोळा किंवा वीस भाग, की खेळ खलास. टीआरपी चांगला आहे म्हणून नायिकेला तिसऱ्यांदा बोहल्यावर चढवत नाहीत की मेलेल्या नवऱ्याला प्लास्टिक सर्जरी करून परत आणत नाहीत. अर्थात एकेक भाग तासाच्या वर असतो, त्यामुळे वीस भाग म्हणजे पूर्ण एक शनिवार-रविवार आणि वर सोमवारचे सुजलेले डोळे.

पहिली 'रिप्लाय १९८८'. २०१५ च्या नोव्हेंबरपासून २०१६ च्या जानेवारीपर्यंत चाललेली, वीस भागांची. सेऊलमधल्या सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली, त्यात पाच घरं आणि त्या घरांतली पाच पोरं. बस्स, एवढीच गोष्ट. १९८८ म्हणजे सेऊल ऑलिंपिकचं वर्ष. पहिल्याच भागात एक भन्नाट प्रसंग आहे. संध्याकाळी जेवणाच्या वेळी एक आई शेजारी वाटीभर भाजी पाठवते. शेजारची रिकामी वाटी कशी परत करणार, म्हणून ती दुसरं काहीतरी घालून पाठवते. मग तिसरी, मग चौथी, आणि सगळी पोरं वाट्या घेऊन गल्लीभर पळताहेत. वाड्यात किंवा चाळीत वाढलेल्या कुठल्याही माणसाला सबटायटल्सची गरज पडणार नाही. आईला हा प्रसंग दाखवला तर ती म्हणाली, "यात काय कोरियन आहे?"

एकच तक्रार. नायिकेचा नवरा नक्की कोण होणार हे कोडं त्यांनी शेवटपर्यंत इतकं ताणलंय की मध्ये मध्ये जाम वैताग येतो. पण आई-बापांचे प्रसंग आले की सगळं माफ. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावी अशी आहे. सुरुवात करायची तर हिच्यापासून करा.

दुसरी 'माय मिस्टर', २०१८ ची, सोळा भाग. ही मात्र एकट्याने बघायची. नायक स्ट्रक्चरल इंजिनियर! इमारती तपासतो, कुठे भेग आहे, कुठे भार पेलत नाहीये ते बघतो. पंचेचाळिशीचा, सज्जन आणि आतून पार थकलेला माणूस. कॉलेजातला ज्युनिअर त्याचा बॉस झालाय, घरी बायकोशी संवाद नाही, दोन्ही भाऊ कामधंदा गमावून आईच्या घरी परत आलेत. त्याच्या ऑफिसात जी-आन नावाची विशीतली मुलगी टेम्परवारी म्हणून काम करते. पोस्ट वाटायची, बिलं लावायची आणि कोणाच्या अध्यातमध्यात नसायचं. ऑफिसातली कॉफीची पाकिटं गुपचूप खिशात घालून घरी नेते. घरी ऐकू न येणारी म्हातारी आजी आणि डोक्यावर कर्ज. एक दिवस लाचेचं पाकीट चुकून नायकाच्या टेबलावर येतं आणि तिथून गोष्ट सुरू होते.

पहिले तीन-चार भाग अंगावर येतात. अंधार, मारहाण आणि कोणी हसतच नाही. तिथे सोडू नका. ही प्रेमकथा नाही. दोन थकलेली माणसं एकमेकांकडे नीट बघतात, एवढंच घडतं. नायकाचं काम केलेला ली सन-क्युन 'पॅरासाइट' या २०१९ च्या सिनेमात श्रीमंत घराचा मालक होता. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो गेला. हे माहीत असताना ही मालिका बघणं जरा जडच जातं.

'माय मिस्टर'चा दिग्दर्शक किम वोन-सोक. त्याने आधी काय केलंय ते शोधताना तिसरी मालिका सापडली, आणि खरं तर आज तिच्याबद्दलच लिहायचं होतं.

'मिसेंग'. २०१४ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये दाखवलेली, वीस भाग, युन ते-हो याच्या गाजलेल्या वेबटूनवर आधारलेली. जांग ग्यु-रे नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा. लहानपणापासून एकच केलंय, बादुक खेळणं. बादुक म्हणजे आपल्याला 'गो' या जपानी नावाने माहीत असलेला तोच काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ, ज्यात २०१६ साली सेऊलमध्ये अल्फागोने ली सेडोलला ४-१ असं हरवलं होतं. ग्यु-रेला व्यावसायिक खेळाडू होता आलं नाही. कॉलेज नाही, शाळेची परीक्षासुद्धा बाहेरून दिलेली. एका ओळखीच्या माणसाच्या वशिल्याने तो एका बड्या ट्रेडिंग कंपनीत इंटर्न म्हणून चिकटतो. आजूबाजूचे बाकीचे सगळे टॉपच्या कॉलेजांतले, तीन-तीन भाषा बोलणारे. याला फोटोकॉपी मशीनसुद्धा धड येत नाही.

'मिसेंग' हा शब्दही बादुकमधलाच. सोंगट्यांचा गट वेढला गेला तरी त्याच्या आत दोन मोकळी घरं राखता आली, तर तो गट कायमचा जिवंत. ती अजून राखता आली नसतील तर तो मेलेला नाही, पण जिवंतही नाही. मिसेंग म्हणजे असा अधांतरी गट.

मालिकेत प्रेमप्रकरण जवळपास नाहीच. आहेत ती एक्सेल शीट्स, करार, बॉसच्या शिव्या आणि रात्री उशिराचं दारूकाम. तरीही माझी नजर हटली नाही. इंटर्न लोकांची शेवटची परीक्षा असते, त्यात आपल्या जोडीदाराला काहीतरी विकून दाखवायचं. जोडीदार म्हणजे कारखान्यात घाम गाळतात तेच खरं काम, बाकी ऑफिसवाले नुसते खुर्च्या उबवतात असं मानणारा. ग्यु-रे त्याला काय विकतो? साहेबाच्या ऑफिसात वापरायच्या जुन्या चपला! दिवसभर ऑफिसात राबणाऱ्या माणसाच्या घामाचा वास त्यांना आहे, म्हणजे हेही कामाचं ठिकाणच आहे, असा त्याचा मुद्दा. मी सोफ्यावर उठून टाळ्या वाजवल्या.

आणि ते साहेब, ओ सांग-सिक! ली सुंग-मिन या नटाने काय काम केलंय राव. डोळे कायम लाल, केस विस्कटलेले, वरच्यांची हांजी हांजी जमत नाही म्हणून बढती रखडलेली. सुरुवातीला तो ग्यु-रेला उभासुद्धा करत नाही. मग एकदा दुसऱ्या टीमच्या इंटर्नमुळे एक कागद बाहेर जातो आणि बोलणी ग्यु-रेला बसतात. खरा प्रकार कळल्यावर रात्री दारूच्या नशेत ओ साहेब त्या दुसऱ्या टीमवाल्यावर ओरडतो, तुमच्या पोरामुळे आमच्या पोराला बोलणी बसली म्हणून. 'आमचं पोर'! ग्यु-रे नुसता ऐकत उभा. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला आपल्यात धरलेलं असतं.

तोपर्यंत मी स्वतःला ग्यु-रे समजून बघत होतो. कोण नाही समजणार? मीही छोट्या गावातून आलेलो, इंग्रजीची बोंब, पहिल्या क्लायंट कॉलला पाय लटपटलेले. आपण सगळेच आपल्या डोक्यात ग्यु-रे असतो.

मग तो सणाच्या भेटीचा प्रसंग आला. सणाला कंपनी सगळ्यांना भेट देते. कायम नोकरीवाल्यांना हॅमच्या डब्यांचा संच आणि कंत्राटी ग्यु-रेला खाद्यतेलाचा. कोणी त्याला काही बोलत नाही, अपमान करत नाही. फक्त खोका वेगळा. मी तिथे पॉज केलं आणि बराच वेळ पुढे गेलोच नाही.

आमच्या टीममध्ये एक टेस्टर होता. नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. व्हेंडरकडून आलेला, कंत्राटी. आमच्या आयकार्डांची पट्टी निळी, त्याची पिवळी. कोरियन ऑफिसात लोक एकमेकांना हुद्द्याने हाक मारतात, आमच्याकडे थेट नावाने, सगळे समान वगैरे. तरी हा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा असून पहिले दोन महिने मला 'सर' म्हणायचा. दिवाळीला आम्हाला सुकामेव्याचा डबा आणि बॅग मिळाली, त्याला काहीच नाही. त्या दिवशी तो जेवायला खाली आला नाही. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं, पण मी बॅगेची चेन चांगली आहे की नाही ते बघत होतो.

पुढे बजेट कापलं गेलं. मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की याचं एक्स्टेन्शन होणार नाही, तू त्याच्याकडून केटी घेऊन ठेव, त्याला व्हेंडर सांगेल, तू काही बोलू नकोस. (आयटीबाहेरच्या वाचकांसाठी: केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. जाणाऱ्याच्या डोक्यातलं सगळं काढून राहणाऱ्याच्या डोक्यात भरणे.) मी त्याला केटी डॉक्युमेंट करायला सांगितलं. त्याने सरळ विचारलं, "केटी कशाला रे? काही आहे का?"

मी म्हणालो, "छे रे, ऑडिट आहे. सगळ्यांचीच करायची आहेत."

त्याने दोन आठवडे बसून चाळीस पानांचं डॉक्युमेंट केलं. आजवर मला मिळालेलं सगळ्यात उत्तम. स्क्रीनशॉट, कुठे काय अडतं, कुठल्या सर्व्हरला काय खोड आहे, सगळं. ते माझ्या हातात पडल्यानंतरच्या शुक्रवारी त्याने लॅपटॉप जमा केला आणि गेला. आम्ही कार्डावर सह्या केल्या. मी 'कीप इन टच' लिहिलं.

कोरियात २००७ पासून कायदा आहे की कंत्राटी माणूस दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवला तर त्याला कायम मानावं लागतं. त्यामुळे कंपन्या दोन वर्षं भरत आली की कंत्राट संपवतात. मालिका संपता संपताच, २०१४ च्या डिसेंबरमध्ये, सरकारने काही कामगारांसाठी ही मुदत चार वर्षं करायचा प्रस्ताव आणला आणि लोक त्याला चक्क 'जांग ग्यु-रे कायदा' म्हणायला लागले! दोनऐवजी चार वर्षं अधांतरी ठेवणार, म्हणून कामगार संघटना खवळल्या. एका मालिकेतल्या पोराच्या नावाने देशभर भांडण झालं, यावरून ती किती लोकांना लागली असेल बघा.

मालिकेत ग्यु-रे कायम होतो की नाही ते सांगत नाही. एवढंच सांगतो की ओ साहेब त्याच्यासाठी स्वतःची खुर्ची पणाला लावतो. ते बघताना मला कळलं की या गोष्टीत मी ग्यु-रे नाही. ओ साहेब तर नाहीच नाही. मी मागच्या टेबलावरचा, पडद्यावर कधी ज्याचं नाव येत नाही असा, हॅमचा डबा घेऊन घरी जाणारा माणूस आहे.

शेवटचा भाग संपला त्या रविवारी मी त्याला फोन केला. आठ महिन्यांनी. मध्ये तीन महिने घरी होता, आता खराडीला एका कंपनीत आहे, पट्टी अजून वेगळ्याच रंगाची. इकडचं तिकडचं झाल्यावर मी म्हणालो, "ती केटी... ते ऑडिट वगैरे काही नव्हतं. मला माहीत होतं."

तो जरा थांबला. मग म्हणाला, "केटी म्हटल्यावर शंका आलीच होती रे. पण तू ऑडिट म्हणालास, म्हणून मग त्या आठवड्यात वाकडच्या फ्लॅटचं डिपॉझिट भरून टाकलं."

आवाजात राग नव्हता. मुलीचं शाळेचं चांगलं चाललंय म्हणाला. मी सॉरी म्हणालो. "ठीक आहे रे, तुझ्या हातात काय होतं," असं तो म्हणाला. पण माझ्या हातात एक वाक्य होतं, आणि ते मी खोटं बोललो होतो. नोकरी त्याची मी वाचवू शकत नव्हतो. डिपॉझिट वाचलं असतं.

यापुढे कोणी केटी कशासाठी असं विचारलं तर ऑडिट म्हणणार नाही, एवढंच मी ठरवलंय. मॅनेजरसमोर कितपत जमेल ते बघू. मी काही ओ साहेब नाही.

तर क्रम असा: आधी 'रिप्लाय १९८८' घरच्यांबरोबर. मग 'मिसेंग', शक्यतो लॉंग वीकेंडला. पहिल्या काही भागांत ट्रेडिंगची भाषा डोक्यावरून जाते, जाऊ द्या. शेवटी जॉर्डनमध्ये जी पळापळ आहे ती जरा फिल्मीच झालीय, तिकडे दुर्लक्ष करा. आणि 'माय मिस्टर' सगळ्यात शेवटी, मन शांत असताना.

मी त्यालाही 'मिसेंग' बघायला सांगितली. त्याने विचारलं, "कशाबद्दल आहे?"

"ऑफिसबद्दल," मी म्हणालो.

"मग नको रे बाबा," तो म्हणाला आणि हसला.