क्रुआ-रूसच्या मागावर

फ्रान्समधल्या लियॉं शहरात क्रुआ-रूस नावाची टेकडी आहे. तिथल्या खिडक्या बघताना मान मागे टाकावी लागते. एकेका खोलीचं छत चार मीटर उंच! सरदारांचे वाडे असावेत असं वाटतं, पण ही विणकरांची घरं. एकोणिसाव्या शतकात मागाची उंची धरून ती बांधली गेली. खोलीभर माग उभा राहायचा आणि घरची माणसं पोटमाळ्यावर निजायची. घरांच्या पोटातून काढलेल्या बोळांतून रेशमाचे तागे पावसात न भिजता टेकडी उतरायचे. याच विणकरांनी 1831 मध्ये विणाईचा किमान दर मागितला, तो नाकारला गेला, आणि अख्खी टेकडी रस्त्यावर उतरली. मी अमळनेरचा, कापसाच्या भावासाठी होणारी आंदोलनं बघत मोठा झालो. ही हकिगत मला परकी वाटलीच नाही.

'मेझों दे कान्यू' या संग्रहालयात एक बाई माग चालवून दाखवत होत्या. मी अगदी ताण्यापाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी पायाखालची दांडी दाबली. वर, छतालगत, दोऱ्यांनी ओवलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ एक घर पुढे सरकली. कार्ड सुयांवर येऊन टेकलं. भोक असेल तिथली सुई आत शिरते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि त्याचे धागे वर उचलले जातात. भोक नसेल तिथली सुई मागे ढकलली जाते, तिचे धागे खालीच राहतात. मधल्या फटीतून धोटा सटकन गेला, फणी आपटली, आणि फुलाच्या पाकळीची केसाएवढी एक रेघ वाढली. पुढची रेघ पुढच्या कार्डावर! जोसेफ-मारी जाकार यानं 1804 मध्ये ही युक्ती बसवली. त्याआधी दोऱ्या ओढायला विणकराच्या मदतीला एक पोरगा लागायचा.

धागा वर की खाली, भोक आहे की नाही. एवढ्या दोनच खुणांवर गुलाब उमलतो, माणसाचा चेहरासुद्धा. 1839 मध्ये लियॉंच्या विणकरांनी जाकारचंच चित्र रेशमात विणलं, त्याला 24 हजार कार्डं लागली. ते चित्र लंडनला चार्ल्स बॅबेजनं आपल्या घरी लावलं होतं. त्याच्या आकडेमोडीच्या नियोजित यंत्रालाही हुकूम द्यायचे होते अशाच भोकांच्या कार्डांनी. म्हणजे आपण ज्याला संगणक म्हणतो, त्याच्या घराण्यात माग हा आजोबा आहे. हे वाचून ठाऊक होतं, पण डोक्यावर ती माळ खडखडत सरकताना पाहिली आणि अंगावर काटा आला.

आता नॉर्वेत टीसी-2 नावाचा माग बनतो. त्यात ताण्याचा एकेक धागा संगणक स्वतंत्रपणे उचलतो, पण धोटा मात्र विणकरानं हातानंच टाकायचा. कलावंत त्यावर जुने फोटो, नकाशे, आज्यांचे चेहरे विणतात. माझ्या मते यात हातमागाचा पराभव शोधणं चूक आहे. विणकराची विद्याच दोनशे वर्षं फिरून त्याच्याकडे परत आली आहे.

मला राहून राहून येवल्याची पैठणी आठवत होती. धुळ्याहून काही तासांवर तो गाव. तिथं जाकारचा माग पोहोचला आहेच, पण अस्सल पदरावरचा मोर अजून रंगारंगाच्या धाग्यांच्या तिल्ल्या बोटांनी फिरवून, धागे मोजून विणतात. कार्ड नाही, काही नाही. सगळा हिशेब विणकराच्या डोक्यात! लियॉंच्या त्या बाईंना मी मोबाइलवर पदराचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून मोराची मान निरखली आणि उलट्या बाजूचा फोटो मागितला. तोही दाखवला. दोन्हीकडे तीच नक्षी. त्यांनी शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारली.

आमच्या अमळनेरात प्रतापशेठजींची कापडगिरणी होती, आणि त्याच गावात 1945 साली निघालेली वनस्पती तुपाची कंपनी पुढे विप्रो होऊन संगणकात गेली. कापूस आमचा, गिरणी आमची, संगणकातलं नावही आमच्या गावचं. मग टीसी-2 सारखा एक माग जळगाव-धुळ्यात का नसावा? येवल्याचे कारागीर शिकवायला यावेत, कापूसवाल्यांच्या लेकीसुनांनी धोटा हातात घ्यावा. पहिली नक्षी माझ्या मनात ठरलेली आहे: श्रावणातली आमची कानबाई देवी, नारळावर नथ ल्यालेली.