दगडाच्या वतीने कोण बोलते?

१/ लहानपणीच्या एका तापात माझा डावा कान गेला आणि उजवा अर्धाच उरला. वर्गातील चर्चा मी ओठांच्या हालचालींवरून जुळवते. म्हणूनच शोना शिल्पकाराला दगडातील आत्म्याचा आवाज ऐकू येतो, असे वाचले की मी थबकते. तो आवाज आपल्यापर्यंत कोणी पोहोचवला? आजचा धागा झिंबाब्वेच्या शिल्पकारांविषयी आणि माझ्या एका चुकीविषयी.

२/ ग्रेट झिंबाब्वेच्या अवशेषांत मऊ दगडात कोरलेले पक्षी सापडले. त्यानंतर शतकानुशतके मोठ्या पाषाणशिल्पांची परंपरा दिसत नाही. १९५७ साली सॉल्झबरीत, म्हणजे आजच्या हरारेत, राष्ट्रीय कलादालन उघडले. फ्रँक मॅक्युअन त्याचे पहिले संचालक. न्यांगाच्या डोंगराळ भागात शेतीखात्यात काम करणारे जोराम मारिगा दगड कोरत होते. मॅक्युअन यांनी त्यांना प्रोत्साहन दिले.

३/ १९६५ साली गोऱ्या अल्पसंख्य सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले, निर्बंध आले आणि तंबाखूचा व्यापार कोसळला. टेंगेनेंगे येथील तंबाखू-शेतमालक टॉम ब्लोमफील्ड यांनी १९६६ साली आपली जमीन शिल्पकारांना खुली केली. तिथेच सर्पेंटाइन दगड विपुल होता.

४/ शोना श्रद्धेत ‘वाद्झिमू’ हे पूर्वजांचे आत्मे घराण्याला सांभाळतात. ‘म्होंडोरो’ हे सिंहरूपी आत्मे भूमीचे आणि पावसाचे रक्षक. ‘न्जुझू’ डोहात राहते. ती ज्याला पाण्याखाली नेते, तो परतल्यावर वैद्य होतो, असे मानतात. माणूस, प्राणी आणि निसर्ग यांच्यातील सीमा येथे पातळ आहे. शिल्पांतही माणसाचा पशू होताना दिसतो.

५/ घडण साधीच: हातोडी, छिन्नी, कानस, पॉलिश कागद. शेवटी दगड तापवून त्यावर मेण चोळतात, तेव्हा काळसर झळाळी उमटते. काही जण दगडाची मूळ खडबडीत साल जागोजागी तशीच ठेवतात.

६/ बर्नार्ड माटेमेरा टेंगेनेंगेत ट्रॅक्टर चालवत. पुढे त्यांनी तीन बोटांच्या, फुगीर देहांच्या प्रचंड आकृती घडवल्या. १९८६ साली दिल्लीच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात त्यांना ललित कला अकादमीचा पुरस्कार मिळाला.

७/ मॅक्युअन यांनी ही शिल्पे पॅरिसपर्यंत नेली, आणि सोबत पूर्वजांच्या आत्म्यांतून आपोआप स्फुरलेल्या कलेची कथाही. पण टेंगेनेंगेतील कितीतरी शिल्पकार मलावी, अंगोला, मोझांबिक येथून आलेले होते. ‘शोना’ हे नाव त्यांना इतरांनी दिले. श्रद्धा खरी होती. तिच्यावरची चिठ्ठी मात्र बाजाराच्या हस्ताक्षरात होती.

८/ आता माझी चूक. प्रबंधिकेच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते: ‘या मूक दगडांना मॅक्युअन यांनी वाणी दिली.’ त्याच आठवड्यात दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्यासमोर माझ्या बहिणीला विचारले, “हिला काय होतंय?” मी शेजारीच बसले होते. घरी येऊन ते वाक्य पुन्हा वाचले आणि शरमले. इंग्रजी कागद सहज मिळतात म्हणून मीही शेजारी बसलेल्या माणसाला वगळून दुसऱ्यालाच प्रश्न विचारला होता.

९/ ते वाक्य मी खोडले. आता प्रकरणाची सुरुवात छिन्नीच्या खुणांपासून होते. जिथे शिल्पकारांच्या मुलाखती मिळतात, तिथे त्यांचेच म्हणणे आधी येते. मित्रहो, संग्रहालयात पाटी वाचण्यापूर्वी मूर्ती पाहा. आणि पाटी वाचाल, तेव्हा ती कोणी लिहिली हेही विचारा.