काचेवरचा निळा रंग

हिस्टोपॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. सतरा वर्षांत किती किडनी बायोप्सी कापल्या, ते मोजलेलं नाही. चार वर्षांपूर्वी त्यांतली एक माझ्या धाकट्या भावाची होती.

तो तेव्हा ३१ वर्षांचा. नोकरी बदलताना झालेल्या तपासणीत रक्तदाब वाढलेला निघाला, लघवीत प्रथिनं सापडली आणि क्रिएटिनिन १.९ आलं. "लघवीला फेस दोन वर्षांपासून येतोय गं ताई. वाटलं, पाणी कमी पडतंय," हे त्याने तेव्हा कुठे सांगितलं. डोकेदुखीसाठी तो ज्या डॉक्टरांकडे वर्षभर जात होता, त्यांनी एकदाही लघवी तपासायला सांगितली नव्हती. त्याचा राग मला अजून आहे.

सुईने काढलेला तुकडा शेवईच्या काडीएवढा असतो. मेणाच्या ब्लॉकमधून त्याचे दोन-तीन मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, कोमट पाण्यावर पसरू द्यायचे आणि अलगद काचेवर उचलायचे. भावाचा ब्लॉक मी दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही. मग मॅसन ट्रायक्रोम ही रंगवण्याची पद्धत. आधी लाल रंग सगळीकडे बसतो. फॉस्फोटंगस्टिक आम्ल तो कोलॅजनमधून काढून टाकतं आणि तिथे ॲनिलिन ब्लू शिरतो. पेशी लाल राहतात, कोलॅजन निळं होतं.

निळं निरोगी किडनीतही असतं. प्रत्येक नलिकेभोवती चौथ्या प्रकारचं कोलॅजन आणि लॅमिनिन यांचं पातळ अस्तर असतं, पेशी त्यावरच बसलेल्या असतात. रक्त गाळलं जातं त्या चाळणीतही हेच अस्तर आहे. पेशींबाहेरच्या या जाळ्याशिवाय किडनी उभीच राहणार नाही. बिघडतं ते दुरुस्तीत. इजा झाली की टीजीएफ-बीटा हे प्रथिन कामाला लागतं, त्याच्या इशाऱ्याने फायब्रोब्लास्ट पेशी रूप बदलतात आणि पहिल्या व तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन, फायब्रोनेक्टिन असा माल टाकत सुटतात. हाताला कापलं तर जखम भरून काम थांबतं. इथे इजा रोजची, म्हणून भरणंही रोजचं. नलिकांमधली जागा बुजत जाते, केशवाहिन्या कमी होतात, नलिका सुकतात.

निदान पॅथॉलॉजिस्टने करायचं, पण रंग नीट बसला का हे मलाच पाहावं लागतं. रंग उत्तम बसला होता. जवळजवळ तिसरा हिस्सा निळा होता, आणि त्या निळ्यात आकसलेल्या नलिका. रिपोर्ट आला: आयजीए नेफ्रोपॅथी, टी-१. म्हणजे व्रणाचा भाग २६ ते ५० टक्क्यांमध्ये. इतकं होऊनही तो रोज चार मजले चढत होता. एका किडनीत सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात, उरलेले गेलेल्यांचं ओझं उचलतात. क्रिएटिनिन ठळकपणे वाढेपर्यंत बहुधा निम्मी ताकद संपलेली असते.

"हा निळा पुसता येत नाही का?" त्याने विचारलं. मी खोटं बोलले नाही. १९९० मध्ये संशोधक बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये टीजीएफ-बीटाला प्रतिपिंडांनी अडवून किडनीत पेशींबाहेरच्या जाळ्याचा साठा कमी केला. १९९२ मध्ये त्यांनीच डेकोरिनने, म्हणजे या जाळ्यातल्याच एका रेणूने, तसंच करून दाखवलं. तरी माणसाच्या किडनीतला जुना व्रण विरघळवणारं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. आहेत ती औषधं वेग कमी करतात. भाऊ टेल्मिसार्टन घेतो. टीजीएफ-बीटाला चेतवणाऱ्या अँजिओटेन्सिनला ते अडवतं. पापड-लोणचं सुटलं, दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद झाल्या.

मागच्या महिन्यात त्याचं क्रिएटिनिन २.२ होतं. चार वर्षांत एवढंच वाढलं, याचं आमच्या घरी समाधान आहे.

तुमच्या घरात कुणाला रक्तदाब किंवा मधुमेह असेल, लघवीचा फेस टिकून राहत असेल, तर क्रिएटिनिन वाढण्याची वाट पाहू नका. लघवीतली प्रथिनं याच आठवड्यात तपासून घ्या.