पाच सुतांचं वळण

वेरूळच्या दहाव्या लेण्याला ‘सुतार का झोपडा’ असं नाव पडलेलं आहे. सातव्या शतकातल्या या चैत्यगृहातल्या बुद्धमूर्तीला विश्वकर्मा मानून पूर्वी सुतार इथे पूजेला येत. छताकडे मान वर केली की त्यांची ओढ समजते. एकीला लागून एक अशा कमानदार फासळ्या, अगदी लाकडी घराच्या. पण सगळ्या काळ्या दगडातून कोरलेल्या. कार्ल्याच्या चैत्यात अशा फासळ्या खऱ्या लाकडाच्या आहेत. वेरूळच्या दगडाला त्यांची काहीच गरज नव्हती. तरी कारागिराने लाकडाचं वळण सोडलं नाही.

असं वळण आज लाकडात काढायचं तर छत्रपती संभाजीनगरचा सुतार बँडसॉ, म्हणजे चाकांवर अखंड फिरणाऱ्या पट्टीची करवत, सुरू करतो. त्याआधी त्याला ब्लेड निवडावं लागतं, आणि निम्मं काम तिथेच होऊन जातं.

आधी रुंदी. चैत्याच्या फासळीचा बाक कित्येक फुटांचा. तिथे सहा सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) ब्लेडही सहज फिरेल. देव्हाऱ्याच्या महिरपीचं तसं नाही. तिच्या पाकळ्या इवल्याशा असतात. चार सुती ब्लेड साधारण अडीच इंच त्रिज्येच्या आत वळत नाही. दोन सुती ब्लेड पाच सुतांपर्यंत वळतं. त्याहून दामटलं तर पट्टी पिळवटते, तापते आणि तुटते. उलट जाड ओंडक्याच्या फळ्या पाडताना हीच अरुंद पट्टी रेघ सोडून भरकटते. तिथे रुंद पट्टीचा ताठपणाच हवा.

मग दाते. कापताना निदान तीन दाते लाकडात असावेत. दोन सुती प्लायवर इंचाला तीन दात्यांचं ब्लेड लावलं तर एकावेळी एकही दाता धड टेकत नाही, आणि कडा उचकटतात. तिथे चौदा दात्यांचं हवं. मात्र तेच चौदा दात्यांचं ब्लेड सहा इंची सागवानात घातलं की दात्यांमधल्या बारीक खाचा भुशाने गच्च भरतात. भुसा बाहेर पडायला जागा उरत नाही, चिरेच्या दोन्ही अंगांना काळे डाग उमटतात आणि जळका वास सुटतो. सहा इंची लाकडाला इंचामागे तीनच दाते पुरतात. ओल्या आंब्याला तर खोल खाच हवीच. त्याचा भुसा ओला, चिकट.

सागाची आणखी एक गोष्ट. त्याच्या अंगात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश. दिसायला एवढं देखणं लाकूड दात्यांची धार मात्र झपाट्याने खातं. रोज सागच कापायचा असेल तर साध्या पोलादावर पैसे वाचवणं खोटी काटकसर आहे. कार्बाइडच्या टोकांचं ब्लेड महाग असलं तरी परवडतं.

ही पट्टी आपल्या हातात सहज आलेली नाही. लंडनच्या विल्यम न्यूबेरीने १८०९च्या सुमारास अखंड फिरणाऱ्या करवतीचं पेटंट घेतलं, पण चाकांवरून सतत वाकत फिरणारी पट्टी सांध्याशी तुटे. १८४६ मध्ये फ्रान्सच्या आन पोलिन क्रेपँ यांनी सांधा जोडण्याची रीत काढली आणि पॅरिसच्या पेरँ कंपनीने ते यंत्र कामाजोगं केलं. म्हणून नवं ब्लेड घेताना जाणता सुतार सांध्यावरून बोट फिरवतो. तिथे उंचवटा लागला, तर दाते कितीही धारदार असोत, तो ते दुकानदाराला परत देतो.