न दिसणारी झिलई

पांढऱ्या मोटारीला मेण लावणे म्हणजे भर दुपारी अंगणात समई लावण्यासारखे आहे, असे माझे एक स्नेही म्हणतात. त्यांची स्वतःची मोटार काळी आहे, आणि तिच्या दारात तोंड पाहून भांग पाडता यावा इतकी ती लकाकते. तेव्हा त्यांच्या बोलण्यात थोडी आढ्यता असणे साहजिक आहे. तथापि गेल्या दोन वर्षांत या विषयात मी जे थोडेबहुत वाचले, केले आणि बिघडवले, त्यावरून त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे, असे मला कबूल केले पाहिजे. उरलेले निम्मे मला कसे उमगले, आणि ते उमगेपर्यंत एका माणसाचा मी कसा अपराधी झालो, तेच येथे सांगावयाचे आहे.

आमची मोटार पांढरी आहे ती माझ्या आवडीने नव्हे. मला गर्द निळा रंग हवा होता. ‘उन्हात उभी राहायची आहे, पांढरीच घ्या,’ असा निकाल घरातून मिळाला. आणि पांढरा रंग उष्णता कमी शोषतो हे ठाऊक असल्यामुळे मला त्यावर अपील करता आले नाही. पुण्यात आमच्या इमारतीखाली ती एका जुन्या आंब्याच्या सावलीत उभी राहते. मोहोराच्या दिवसांत आंब्यावर तुडतुडे पडतात, त्यांचा चिकट गोड स्राव खाली ठिबकतो, आणि त्यावर धूळ बसली की पांढरी मोटार देवीचे व्रण उठल्यासारखी दिसू लागते. इमारतीतील साऱ्या मोटारी रोज पहाटे पुसण्याचे काम एक साठीचे गृहस्थ करतात. त्यांना सगळे मामा म्हणतात, आणि मीही म्हणतो. एक बादली, एक फडके आणि तोंडात तंबाखूची चिमूट, एवढ्या सामग्रीवर ते दोन तासांत पंधरा मोटारी पुसून काढतात.

मोटारीचे तेज वाढवावे या हौसेने मी प्रथम कार्नोबा मेणाचा डबा आणला. ब्राझीलच्या ईशान्य भागात ताडाच्या जातीचे एक झाड वाढते, त्याच्या पानांवर हे मेण धरते. कोरड्या हंगामात पानांतील ओलावा उडून जाऊ नये म्हणून झाडाने स्वतःसाठी केलेली ही तरतूद आहे. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. हे ८२ अंशांच्या पुढे गेल्यावाचून पाझरत नाही. एवढ्या कुलीन वस्तूचा लेप मी एका रविवारी तीन तास खपून चढविला आणि दूर उभे राहून पाहिले. मोटार पांढरी दिसत होती. सकाळीही ती पांढरीच होती.

या निराशेचे कारण पदार्थविज्ञानात आहे. रंगविलेल्या पृष्ठावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा चारच्या आसपास भाग वरच्या गुळगुळीत थरावरूनच आरशासारखा परत फिरतो. बाकीचा आत शिरतो. काळ्या रंगात तो आतच गडप होतो, म्हणून त्या चार भागांचेच राज्य चालते, आणि आपण ‘काय झळाळी आहे!’ असे म्हणतो. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायॉक्साइडचे सूक्ष्म कण असतात. ते आत आलेला बहुतेक प्रकाश चहूकडे उधळून परत पाठवितात, आणि त्या उधळणीत वरचे प्रतिबिंब बुडून जाते. तारे दिवसाही आकाशात असतातच. पण दिसत नाहीत, तशातली गत. झिलई तिथे असते, डोळ्यांना मात्र तिचा पत्ता लागत नाही. याच न्यायाने बारीक ओरखडेही पांढऱ्यावर लपतात. डाग तेवढा लपत नाही. ब्रेकमधून उडणारी लोखंडाची पूड, डांबराचा ठिपका, पाखराची विष्ठा, सारे त्यावर ठसठशीत दिसते. काळ्या मोटारीला ओरखड्याचे भय आणि पांढरीला डागाचे, अशी ही वाटणी आहे.

पण ही वाटणी मला उशिरा समजली. त्याआधी एका रात्री मी हातातल्या दिव्याचा झोत बॉनेटवर टाकला, आणि दिवसा न दिसणारे असंख्य ओरखडे त्यात उजळून निघाले. कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे ते गोलाकार पसरले होते. कोरडी धूळ फडक्याने पुसली की तिचे कण वरच्या पारदर्शक रोगणावर खरवडतात, हे मी वाचले होते. मामांचा हात गोल फिरतो, हे तर रोज पाहत होतो. मला आणखी पुरावा नको होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खाली गेलो आणि परीक्षेत नक्कल करणाऱ्या विद्यार्थ्याशी बोलावे त्या स्वरात म्हणालो, ‘मामा, उद्यापासून आमच्या गाडीला हात लावू नका. तुमचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतील.’

मामांनी फडके पिळले. ‘सर, गाडीला हात लावायचा नाही, तर पैसे कशाचे घ्यायचे?’ एवढेच ते बोलले आणि बादली उचलून शेजारच्या मोटारीकडे वळले. पहिल्या तारखेला मी पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत.

मी मात्र नव्या उत्साहाने लेपाच्या निवडीस लागलो. झळाळी दिसणारच नसेल, तर ‘अधिक चमकते कोणते?’ हा प्रश्नच गळून पडतो, आणि ‘अधिक टिकते कोणते, आणि डाग सहज सुटतो कशावरून?’ एवढेच विचारावयाचे उरते. कार्नोबाची ख्याती आहे ती उबदार, खोल तेजाविषयी. ते तेज गडद रंगावर खुलते आणि महिना-दोन महिन्यांत विरते. पॉलिमरपासून बनविलेले सीलंट दिसायला काचेसारखे थंड, पण चार-सहा महिने तग धरते. सिलिकेचा सिरॅमिक लेप काही वर्षे टिकतो; मात्र त्याचा खर्च आणि पूर्वतयारी दोन्ही जबर. काही मेणांत घासणारी बारीक पूडही मिसळलेली असते. ती मळकट झालेला पांढरा रंग उजळविते खरी, पण दर खेपेस रोगणाचा थोडा थोडा घास घेते. मूळ पारदर्शक थरच जेमतेम ४०-५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ! सर्व विचार करून मी सीलंट आणले.

फिकट रंगाच्या मोटारीचे निम्मे सौंदर्य लेपाच्या आधीच्या सफाईत आहे, हे त्या निमित्ताने कळले. धुतलेल्या पत्र्यावरून पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवावा. डोळ्यांना न दिसलेली खरखर बोटांना लागते. लोखंडाच्या पुडीवर तिचे खास द्रव शिंपडले की जांभळे ओघळ वाहू लागतात. उरलेले कण खास मातीच्या गोळ्याने, भरपूर ओलावा ठेवून, उचलावे लागतात. मग सावलीत, थार पत्र्यावर, लेपाचा अगदी पातळ हात. येथे पांढरा रंग शेवटची थट्टा करतो. माझे सीलंट वाळून पांढरे होई, आणि पांढऱ्यावरचे पांढरे कुठे लागले, कुठे राहिले, ते काही केल्या दिसेना. शेजारच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवर चुकून गेलेले बोट मात्र आठ दिवस दिसत राहिले!

टपावरचा उरलेला लेप शोधण्यासाठी मी संध्याकाळी स्टुलावर चढलो आणि दिवा आडवा धरला. टपाच्या ऐन मध्यावर तीच गोल जाळी उजळली. मी दिवा डावीकडे नेला. जाळीही डावीकडे सरकली. उजवीकडे नेला, ती उजवीकडे आली. ओरखडे सर्व दिशांनी गेलेले असतात. त्यांतले जे प्रकाशाच्या वाटेला आडवे पडतात तेवढेच चमकतात, आणि म्हणून दिव्याभोवती वर्तुळे भासतात. ती वर्तुळे मामांच्या हाताची नव्हती, माझ्या दिव्याची होती. शिवाय मामा ठेंगणे. टपाच्या मध्यापर्यंत त्यांचा हात कधीच पोचला नव्हता. तेथे सुरुवातीची दोन वर्षे रविवारी रविवारी जुन्या पंचाने कोरडी धूळ झाडणारा मनुष्य मीच. तीस वर्षे मी मुलांना ‘पुरावा तपासल्यावाचून निष्कर्ष काढू नका’ असे सांगत आलो आहे. स्टुलावरून उतरताना ते वाक्य मला फार जड गेले.

दुसऱ्या दिवशी सहाच्या सुमारास मी खाली गेलो आणि घडले ते सारे मामांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. ‘कोरडं पुसल्यावर घासणारच की, सर. माझंबी चुकलं, तुमचंबी चुकलं,’ ते म्हणाले. आणि थोडे थांबून, ‘पण टप तुम्हीच करत जा. माझा हात पोचत नाही.’ त्या दिवसापासून आमचा करार असा आहे: रोज फक्त काचा, आठवड्यातून दोनदा दोन बादल्यांनी, एकीत साबण आणि दुसरीत फडके विसळण्याचे पाणी, धुणे, कोरडे फडके कधीच नाही, आणि पगार पूर्वीचाच.

यंदा मृगाची पहिली सर आली तेव्हा मी गॅलरीत होतो. खालून मामांनी हाक मारली, ‘सर, अळूच्या पानावानी झालंय बघा!’ बॉनेटवर पाण्याचे थेंब गोल होऊन उभे होते आणि एकमेकांत मिसळून खाली पळत होते. अळवावरचे पाणी हा शब्द आपण क्षणभंगुरतेसाठी वापरतो आणि पाण्याकडेच पाहतो. पान कोरडे राहते ते त्याच्या अंगच्या मेणामुळे, ही गोष्ट त्या शब्दाच्या आड राहून जाते. दोन वर्षांत झिलईचे काम मला डोळ्यांनी दिसले ते त्या दिवशी.

काळ्या मोटारीच्या मालकांना मी अजून काही सांगितलेले नाही. पाऊस ओसरताच मामांनी थेंब टिपून घेतले; ते उन्हात वाळले तर त्यांचे डाग उमटतात, हे त्यांना आता माझ्याआधी आठवते. मग त्यांनी विचारले, ‘पुन्हा कधी लावायचं, सर?’

‘दसऱ्याला,’ मी म्हणालो. ‘पूजेच्या आधी.’

‘मग स्टूल मी आणतो,’ मामा म्हणाले.