आतली बाजू

अण्णा एस.टी.त ड्रायव्हर होते. कराड–चिपळूण ही त्यांची कित्येक वर्षांची ड्युटी, म्हणजे जवळजवळ रोज कुंभार्ली घाट. रात्री घरी आले की त्यांच्या खाकी कपड्यांना डिझेलचा वास असायचा आणि त्याच्याखाली आणखी एक, जळका, थोडा तुरट. लहानपणी मला वाटायचं, वडील नावाच्या माणसाचा वासच असा असतो. तो ब्रेकच्या लायनरचा होता. उतारावर लायनर ड्रमला घासत राहतो, दोन्ही तापतात. फार तापले तर ड्रम फुगतो, लायनरची पकड सुटते आणि पाय दाबूनही गाडी ऐकत नाही. अण्णांचा नियम होता : ज्या गिअरला चढायचं, त्याच गिअरला उतरायचं. गाडी इंजिनानं धरायची, ब्रेक उरवून ठेवायचा. ‘उरवून ठेवायचा’ हे ते पगाराबद्दल बोलावं तसं बोलायचे.

मी पहिला ब्रेक हातात धरला तो सायकलचा. पावसाळ्यात कराडच्या प्रीतिसंगमाच्या उतारावर ओल्या रिमवरून रबर नुसतं सरकलं आणि मी थेट कठड्यावर गेले. हनुवटीवर अजून खूण आहे. अण्णांनी आधी सायकल बघितली, मग मला. तेव्हा राग आला होता. त्यांनी रबरं काढून पॉलिश पेपरनं घासली, रिम कोरड्या फडक्यानं पुसली आणि सांगितलं, ‘‘पावसात आधी हलका दाबायचा, पाणी पुसलं जातं. मग खरा दाबायचा.’’ पुढे स्कूटी आली, तिचे ब्रेक मी फक्त आवळून घेत राहिले.

आता मी पुण्यात नऱ्ह्याला राहते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतारच उतार. २०२२ च्या नोव्हेंबरात याच उतारावर एका अवजड गाडीनं कितीतरी गाड्यांना उडवलं. डिझेल वाचवायला काही जण इथे ट्रक न्यूट्रलला टाकतात, इंजिनही बंद करतात. इंजिन बंद झालं की हवेच्या ब्रेकला नवी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. टाकीत उरलेली हवा संपेल तेवढेच ब्रेक. थोड्या डिझेलसाठी माणूस इतकं गहाण टाकतो, याचा मला अजून संताप येतो. अण्णा माझ्या शेजारी बसले की या उतारावर काही बोलत नाहीत. फक्त त्यांचा उजवा पाय पायपुसण्यावर दाबला जातो.

यंदा दिवाळीनंतर माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून चीं-चीं आवाज यायला लागला. ब्रेकच्या पॅडवर पत्र्याची एक छोटी पट्टी असते. लायनर ठरावीक जाडीपर्यंत झिजला की ती डिस्कला घासते आणि ओरडते. आधीच्या खेपेला ओळखीच्या मेकॅनिकसमोर उभं राहून मी पॅड बदलले होते. यंदा एकटीनं करायचं ठरवलं. माझ्या वॅगन आरला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, म्हणून पुढचं चाक काढलं तरी तो गाडी धरून ठेवतो. तरीही मागच्या चाकांना दगड लावले. गाडी जमिनीवर असतानाच नट ढिले केले, मग जॅक आणि जॅकवर भरवसा नको म्हणून खाली लोखंडी घोडी.

चाक निघालं. सगळीकडे काळी पूड. ती मी आजवर दर रविवारी रिमवरून घाण म्हणून धूत आले. पण ती माझ्या गाडीनं थांबण्यात घालवलेला लायनर होती : शाळेसमोरचा, कुत्रं आडवं आलं तेव्हाचा, सिग्नलवरचा. फुंकर मारायची नाही, नाकात जाते. ओल्या फडक्यानं पुसली.

पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर सोडवून तारेनं स्प्रिंगला टांगला. नळीवर त्याचं वजन यायला नको. पिस्टन मागे ढकलायला सुताराचा शिकंजा वापरला आणि हळूहळू आवळताना डोळा ब्रेक ऑइलच्या डब्यावर ठेवला, कारण पिस्टन मागे जातो तसं ऑइल वर चढतं आणि सांडलं तर रंग खातं. पायाचा जोर त्या तेलातूनच चारही चाकांपर्यंत पोचतो. पण हे तेल हवेतला ओलावा पितं. घाटात तापलं की ओलाव्याची वाफ होते, वाफ दबते आणि पेडल रिकामं खाली जातं. म्हणून ते ठरलेल्या मुदतीत बदलायचं, स्वच्छ दिसलं तरी.

नवा पॅड हातात घेतला आणि एक जुनी गोष्ट आठवली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्यानं बनवलेली मोटार घेऊन दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्झहाइमला, माहेरी निघाली. वाटेत उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तर तिनं चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. माझ्या हातातला लायनर त्या चामड्याचाच वंशज. त्या बाईची मला पार्किंगमध्ये उकिडवं बसल्या बसल्या फार आठवण आली.

नवे पॅड बसले. गाडी सुरू करण्याआधी पेडल पुनःपुन्हा दाबलं. पहिल्या दोन-तीन वेळा ते पार खाली जातं, कारण पिस्टन अजून पॅडपर्यंत आलेला नसतो. हे विसरून गाडी काढली तर पहिल्या वळणावर ब्रेकच नसतो. पेडल घट्ट झालं. सोसायटीत चार हळू फेऱ्या मारल्या. आवाज गेला होता.

वर जाऊन जुने दोन पॅड अण्णांसमोर वर्तमानपत्रावर ठेवले. त्यांना आता जवळचं नीट दिसत नाही. त्यांनी दोन्ही पॅड उचलले, अंगठ्यानं लायनर चाचपला, पुन्हा चाचपला.

‘‘हा आतला का?’’

मी बघितलं. आतल्यावर जेमतेम दोन मिलिमीटर लायनर उरला होता, बाहेरच्यावर चांगला चार. मी काढताना दोन्ही एकावर एक ठेवले होते, बघितलंच नव्हतं.

‘‘एकटा झिजलाय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘पिना मोकळ्या सरकतायत का बघ.’’

कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यांतली एक अडकली की बाहेरचा पॅड नीट टेकत नाही; पिस्टन आतल्यालाच रेटत राहतो. नवा पॅडही असाच गेला असता.

साडेआठ वाजले होते. मी टॉर्च घेतली आणि खाली गेले. अण्णाही मागून आले, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत. चाक पुन्हा काढलं. खालची पीन कोरडी होती, गंजाचा लाल पट्टा पडलेला. ती पॉलिश पेपरनं घासली, ब्रेकचं ग्रीस लावलं आणि सारली, तर बोटानं सरकली.

‘‘वरचीपण काढ,’’ अण्णा म्हणाले. टॉर्च त्यांच्या हातात होती.