टिलर घ्यायचा म्हणजे…

मी काही यंत्रातला माणूस नाही. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. स्कूटरचा प्लग साफ करण्यापलीकडे माझी मजल कधी गेली नाही. तरी आज टिलरवर लिहायला बसलोय. त्याचं कारण असं, की गेल्या आठवड्यात शेजारच्या वाडीतला एकजण कोटेशनचे तीन कागद घेऊन आला आणि म्हणाला, "गुरुजी, यातला कुठला घेऊ?"

तिन्ही कागदांवर अश्वशक्ती होती, किंमत होती, अनुदान वजा जाता भरायची रक्कम होती. मला जे बघायचं होतं ते एकावरही नव्हतं. ते काय, हे सांगायचं तर 2014 च्या पावसाळ्यात जावं लागेल.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्या रत्नागिरीत देशावरच्यासारखी सपाट शेतं फारशी नाहीत. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांचे कुणगे. चार पावलं गेलं की मेर येते आणि वळावं लागतं. मोठा ट्रॅक्टर तिथवर पोचणारच कसा? म्हणून आमच्याकडे पॉवर टिलर. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, बारा-तेरा अश्वशक्ती, खाली फिरती पाती आणि मागे हँडल धरून चिखल तुडवत चालणारा माणूस.

माझ्या पुतण्याकडे बैलजोडी होती. ती विकायला मीच लावली. "वर्षभर पोसायचे आणि काम महिनाभर!" हा हिशेब मीच फळ्यावर मांडावा तसा मांडला आणि फंडातले थोडे पैसेही घातले. वहिनी म्हणत होत्या, "भावोजी, एक वर्ष बैल असू देत." पण मी शिकलेला पडलो ना! माझं ऐकलं गेलं.

पहिला हंगाम झकास गेला. दुसऱ्या वर्षी ऐन आषाढात, चिखलणी निम्मी झालेली असताना टिलर खरखर करू लागला आणि तासाभरात बसला. गिअरबॉक्सचं तेल काढलं, तर दूध जास्त झालेल्या चहासारखं. म्हणजे आत पाणी गेलेलं. भातखाचरात हे यंत्र सतत चिखलपाण्यात असतं. आसापाशी रबराची एक कडी असते, ऑइल सील म्हणतात तिला. ती झिजली की चिखल आत, मग तेलाचं वंगण संपतं आणि बेअरिंग जातं. हे सगळं मला तेव्हा कळलं. टिलर विकताना हार घातला, नारळ फोडला, फोटो काढला. पण पावसाआधी सील तपासून घ्या, एवढं एक वाक्य कुणी बोललं नव्हतं.

फोन सुरू झाले. "मेकॅनिक बाहेर गेलाय." "पार्ट मागवलाय." "उद्या नक्की." पार्ट आला तोही दुसऱ्याच मॉडेलचा. असे अकरा दिवस गेले.

शहरातल्या माणसाला वाटेल, अकरा दिवसांचं काय एवढं? पण तरवा थांबत नाही हो. साधारण तीन आठवड्यांचं रोप लावावं. ते वाफ्यातच जून झालं की कांड्या धरतं, मग लावल्यावर फुटवे कमी येतात. पुतण्या रोज सकाळी वाफ्यापाशी जाऊन नुसता उभा राहायचा. मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. भाड्याने बैल बघितले, पण आषाढात रिकामे बैल कुठे मिळतात! दोन कुणगे त्या वर्षी पड राहिले.

मी आपला कागदोपत्री माणूस. ग्राहक संरक्षण कायदा 1986 सालापासून आहे, हे शाळेत ग्राहक दिनाला मीच सांगायचो. तक्रार लिहून ठेवलीही. मग लक्षात आलं, निकाल माझ्या बाजूने लागला तरी लावणी काही परत मिळणार नाही. कागद ट्रंकेत राहिला.

शेवटी टिलर उघडला तो रिक्षा दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीने. त्याने जुन्या सीलवर छापलेले आकाराचे आकडे वाचले, कोल्हापूरला बेअरिंगच्या दुकानात फोन केला आणि दुसऱ्या दिवशी एसटीतून पुडकं आलं.

त्या रात्री मला एक जुना तास आठवला. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट मी मुलांना रंगवून सांगत असे. 1903 च्या सुमाराचा त्यांचा लोखंडी नांगर, लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून बिचकणारे शेतकरी, पहिले नांगर विकायला लागलेली दोन वर्षं. एकदा सुतारांचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, लाकडी मोडला तर माझो बापूस करून देतो. लोखंडी मोडला तर कोण?" वर्ग हसला, मीही हसलो आणि त्याला खाली बसवला. शेतकऱ्यांचं अज्ञान हा मुद्दा शिकवायचा होता ना मला!

दुकानदाराचीही अडचण असते, नाही असं नाही. वर्षाला मोजके टिलर विकायचे, प्रत्येक मॉडेलचे पार्ट भरून पैसे अडकवायचे, मेकॅनिकला आठ महिने जवळजवळ बसून पगार द्यायचा. परवडत नसेल. पण मग निदान विकताना तसं सांगावं.

2019 ला पुतण्याने दुसरा टिलर घेतला. त्या वेळी मी गप्प बसलो. त्याने दुकानं बघितली तीही मार्चमध्ये नाही, आदल्या जुलैत. काउंटरवर गर्दी असताना कोणाला काय उत्तर मिळतं, ते ऐकत उभा राहिला. ज्यांचे टिलर पाच वर्षांचे झालेत, अशांच्या घरी जाऊन आला. आता त्या दुकानाचा मेकॅनिक दर मे महिन्यात न बोलावता येतो, सील बघतो, बेल्ट बघतो आणि जाताना वहिनी त्याला आंबे बांधून देतात.

तर परवा त्या शेजाऱ्याला मी कागद परत दिले आणि म्हटलं, "इथूनच तिन्ही दुकानांना फोन लाव. टिलर घ्यायचाय असं सांगू नको. आसाचं ऑइल सील आहे का, एवढंच विचार."

पहिल्याने फोन उचलला नाही. दुसरा म्हणाला, मागवावं लागेल. तिसऱ्याने विचारलं, "मॉडेल कुठलं? आणि आत पाणी गेलंय का आधी बघा, तोपर्यंत चालवू नका हां!"

शेजाऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी चहा ठेवायला आत गेलो.